पिशव्यांच्या पिशवीतून सुबक पर्स

मैत्रिणींनो, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी लटकत असेल आणि तिच्या पोटात आणखी पन्नास पिशव्या कोंबलेल्या असतील, खरं ना? शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यातलं बिऱ्हाड असो की नव्या सोसायटीतला फ्लॅट, ही ‘पिशव्यांची पिशवी’ नाही असं घर विरळाच! ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल,’ म्हणून आपण त्या ठेवतो. मग त्या ‘कधीतरी’चा मुहूर्त आजच काढू या.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंडाची वसुली सुरू झाली. पण घरात साठलेल्या पिशव्या घरातच राहिल्या. रस्त्यावर भिरकावली तर हीच पिशवी पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जाते, आणि पेठेतल्या गटारातून मुठा नदी काही लांब नाही.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आज्यांच्या आणि प्लॅस्टिक वायरच्या पिशव्या विणणाऱ्या आयांच्या आपण लेकी. टाकाऊतून टिकाऊ करणं आपल्याला नवं नाही. पुण्यातल्या अमिता देशपांडे यांच्या ‘रीचरखा’ या उपक्रमात तर अशा पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर त्यांचं कापड विणतात. त्या कापडाच्या पर्स, पिशव्या होतात. आपल्याकडे माग नसला तरी क्रोशाची सुई आहेच!

साहित्य : मऊ पण मजबूत अशा चार पिशव्या, कात्री, जाड लोकरीची क्रोशाची सुई, एक छोटी चेन, अस्तराला ब्लाउजपीसचा तुकडा.

कृती : पिशव्या साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत अगदी कोरड्या करा. हाताने चुरगाळून पाहा. जिचे तुकडे पडतात ती बाजूला काढा. पिशवी सपाट पसरून वरचे बंद आणि खालची शिवण कापून टाका. उरलेल्या नळीचे आडवे, दीड इंच रुंदीचे काप करा. प्रत्येक काप उलगडला की एक गोल कडं मिळतं. दोन रबरबँड एकमेकांत अडकवतो ना, तशी ही कडी एकमेकांत अडकवत जा आणि गाठ हळूच ओढा. झाला तुमचा प्लॅस्टिकचा दोरा! त्याचा गुंडा करून ठेवा.

आता चार साखळ्यांचं वर्तुळ करून त्यात सहा आखूड खांब घाला. दुसऱ्या फेरीत बारा, तिसरीत अठरा, असे दर फेरीला सहा वाढवा. पाच फेऱ्यांत साधारण तळहाताएवढी चकती होते. अशा दोन चकत्या विणा, कडेने जोडा आणि तोंडाशी जागा ठेवून चेन टाचा. आत अस्तर लावलंत की सुटे पैसे फटींतून निसटायचे नाहीत. विणताना हात सैल ठेवा, कारण प्लॅस्टिक लोकरीसारखं सरकत नाही. पहिल्या पर्सला दोन-तीन दुपारी लागतील. मग चष्म्याचं घर, किल्ल्यांचा गोंडा, मोबाइलची पिशवी सहज सुचत जातील.

एवढं मात्र सांभाळा. इस्त्री फिरवून पिशव्या चिकटवायच्या फंदात पडू नका. त्या जास्त तापल्या की बाधणारा धूर निघतो. कढत भांड्याखालची चकती करू नका, ती वितळेल. पोळ्यांच्या डब्यात घालायलाही हे विणकाम नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पर्स करायची म्हणून नवी पिशवी मागून घेऊ नका! मंडईत जाताना कापडी पिशवी हवीच. एका पर्समध्ये चारच पिशव्या संपतात, हा हिशेब विसरायचा नाही. बाकीच्यांचं काय? त्या धुऊन, वाळवून, सुक्या कचऱ्यात वेगळ्या द्या. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. या कामात बहुतेक बायकाच आहेत. आपण खरकट्यासकट गाठ मारून दिलेली पिशवी त्यांच्यातलीच कुणीतरी हाताने सोडते. माखलेल्या पिशवीला भंगारात किंमत येत नाही, तेव्हा तिची मेहनतही फुकट जाते.

म्हणून पर्स जरूर विणा, नणंदेला, भाचीला हौसेने भेट द्या. पण त्या दुपारीच उरलेल्या पिशव्याही धुऊन दोरीवर टाका. दारामागचा खिळा रिकामा झाला की त्यावर बाजाराची कापडी पिशवी अडकवा, म्हणजे बाहेर पडताना आठवणीने हाती येईल.