सव्वा लाख कोटी पेशींची परीक्षा

तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम २५० मिलिलिटर. त्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ५० लाख तांबड्या पेशी. गुणाकार केला की उत्तर येतं सव्वा लाख कोटी. सेकंदाला एक या वेगाने त्या मोजायच्या तर जवळपास ४० हजार वर्षं लागतील.

या पेशी घडलेल्या असतात प्राणवायूच्या टंचाईत. नाळेतून गर्भाकडे येणाऱ्या रक्तात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटर इतकाच असतो. २००७ साली एव्हरेस्टवरून उतरणाऱ्या गिर्यारोहकांच्या धमनीतलं रक्त ८,४०० मीटर उंचीवर काढून तपासलं, तेव्हा तो सरासरी २४.६ भरला होता. गर्भ नऊ महिने या दोन आकड्यांच्या शेजारीच राहतो. मग पहिला श्वास, आणि काही मिनिटांत दाब दुपटीवर. पहिल्या मिनिटाला ६०-६५ टक्के असलेली प्राणवायूची संपृक्तता दहाव्या मिनिटाला ८५ ते ९५ टक्क्यांवर जाते. इतका मोठा बदल माणसाच्या शरीराला पुढे सहसा एवढ्या झटपट सोसावा लागत नाही.

आणि प्राणवायू जसा तारतो तसा जाळतोही. नवजात बाळाच्या एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे ३० कोटी रेणू असतात. प्राणवायू सुटताना कधी कधी त्यातल्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन सोबत घेऊन जातो. अशा प्राणवायूला सुपरऑक्साइड म्हणतात. दिवसाला अर्धा ते तीन टक्के हिमोग्लोबिनच्या बाबतीत हे घडतं. एक टक्का धरला तरी एका पेशीत दिवसाला ३० लाख वेळा, सेकंदाला सुमारे ३५ वेळा. बाळाच्या सगळ्या पेशी मिळून दर सेकंदाला चाळीस लाख कोटींहून जास्त! बाळ शांत झोपलेलं असतानासुद्धा.

हे थोपवायला पेशीजवळ विकरांची फळी असते. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शोधलेलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्या प्राणवायूचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, पुढे कॅटालेज आणि ग्लुटाथायोन या रेणूच्या मदतीने चालणारं विकर त्याचं पाणी करतात. पण इलेक्ट्रॉन गमावून बिघडलेलं हिमोग्लोबिन दुरुस्त करणारं विकर नवजात बाळात मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतं. शिवाय तांबड्या पेशीत केंद्रक नाही, त्यामुळे झिजलेल्या विकराच्या जागी नवं घडवता येत नाही. मोठ्या माणसाची पेशी १२० दिवस टिकते, नवजाताची ६० ते ९०. म्हणजे बाळाच्या अंगात सेकंदाला सुमारे एक लाख साठ हजार ते दोन लाख चाळीस हजार पेशी मोडीत निघतात. त्यांच्या हिमोग्लोबिनमधून पिवळं बिलिरुबिन तयार होतं, आणि यकृत अजून पुरतं तयार नसल्याने पूर्ण दिवसांच्या दहातल्या सहा बाळांना कावीळ दिसते. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की हे बिलिरुबिन माफक प्रमाणात स्वतःच या जळण्याला आवर घालतं. १९८७ मध्ये ते प्रयोगाने दिसलं. प्रमाण फार वाढलं, तर मात्र तेच मेंदूला कायमची इजा करू शकतं.

ग्लुटाथायोनला पुन्हा कामाला लावायला पेशीकडे मुख्य आधार एकच, जी६पीडी नावाचं विकर. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ते उपजतच कमी असतं, मुलग्यांत जास्त. भारतात आढळणाऱ्या त्याच्या एका प्रकाराला केरळ-कल्याण म्हणतात. त्यातलं कल्याण आपल्या ठाणे जिल्ह्यातलं. अशा बाळाच्या पेशी एरवी कशाबशा तग धरतात. पण ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेली झबली, टोपडी, दुपटी त्याच्या अंगावर आली, की त्यातलं नॅप्थलीन श्वासातून आणि त्वचेतून आत जातं आणि पेशी भराभर फुटू लागतात.

म्हणून बाळाचे कपडे, मग ते मोठ्या भावंडाचे असोत की आजीने जपून ठेवलेले, डांबराच्या गोळ्यांत ठेवू नका. ठेवले असतील तर ते बाळाला घालू नका. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तो तळपायापर्यंत उतरला, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर कोवळ्या उन्हाच्या भरवशावर थांबू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या आणि जी६पीडीची तपासणी करायची का, हे विचारा.