युरोपातील राजकीय गप्पा : पक्षापेक्षा स्मृती मोठी

युरोपवारीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या तयारीत व्हिसा, विमा, उबदार कपडे आणि चिवडा-चकलीचे डबे यांची यादी काटेकोरपणे केली जाते. तेथील माणसांशी काय बोलायचे, याची तयारी मात्र सहसा कोणी करत नाही. बसमधून घोळक्याने फिरणाऱ्या पर्यटकाला तशी गरजही भासत नाही. परंतु म्युनिक, ॲमस्टरडॅम किंवा डब्लिन येथे शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मुलांकडे महिना-दोन महिने राहणारे आई-वडील आज अनेक घरांत आढळतात. शेजारी, घरमालक, रेल्वेतील सहप्रवासी यांच्याशी ओळख होते आणि हवापाण्याचा विषय संपला की राजकारणाची पाळी येते.

'परक्या देशात धर्म आणि राजकारण हे विषय टाळावेत' हा अशा वेळचा ठरलेला सल्ला. तो सुरक्षित असला तरी पाळण्याजोगा नाही. कारण युरोपात राजकारण केवळ संसदेत आणि प्रचारसभांत नसते. ते कॉफीच्या नावात असते, शहराच्या नावात असते आणि पायाखालच्या फरशीतही असते. अथेन्समध्ये 'टर्किश कॉफी' मागितली, तर वेटर ती 'ग्रीक कॉफी' असल्याची आठवण करून देण्याची शक्यता असते. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवल्यानंतर ग्रीसमध्ये हे नाव पक्के झाले. प्रागमध्ये 'तुमच्या पूर्व युरोपात' अशी सुरुवात केली, तर चेक माणूस 'मध्य युरोप' अशी दुरुस्ती करतो. नकाशा त्याच्याच बाजूने आहे. प्राग हे व्हिएन्नाच्याही पश्चिमेला आहे. 'पूर्व' हा शब्द तेथे दिशा सांगत नाही, तर १९८९ पर्यंतच्या सोव्हिएत वर्चस्वाची आठवण करून देतो.

आपल्याकडे राजकीय गप्पा म्हणजे पक्ष, उमेदवार, जात आणि युती-आघाडीची गणिते. युरोपात पक्षांची चर्चा होतेच. तथापि तिच्याखाली विसाव्या शतकातील युद्धे, हुकूमशाही आणि फाळण्या यांची स्मृती असते. ती स्मृती ठाऊक नसेल, तर सुसंस्कृत माणूसही नकळत समोरच्याला दुखावतो. ठाऊक असेल, तर अनोळखी माणूसही मनमोकळा होतो.

जर्मनी : कौतुक नको, प्रश्न हवा

याचा सर्वांत तीव्र अनुभव जर्मनीत येतो. भारतात हिटलरचे नाव अनेकदा 'कडक शिस्तीचा माणूस' एवढ्याच अर्थाने, थट्टेत वापरले जाते. त्याचे आत्मचरित्र आपल्या शहरांतील पदपथांवर राजरोस विकले जाते. २००६ मध्ये नवी मुंबईत त्याच्या नावाचे उपाहारगृह उघडले होते. ज्यू समाजाच्या आक्षेपानंतर ते नाव बदलण्यात आले. सुभाषचंद्र बोस यांनी मे १९४२ मध्ये हिटलरची भेट घेतली होती, हेही भारतीयांच्या मनात असते. या पार्श्वभूमीवर एखादा प्रवासी जर्मन यजमानाला खूश करण्यासाठी हिटलरचा गौरवाने उल्लेख करतो आणि टेबलावर एकाएकी शांतता का पसरली, हे त्याला कळत नाही.

तेथे हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ या कलमानुसार नाझी चिन्हांचे आणि सलामीचे जाहीर प्रदर्शन हा गुन्हा असून, त्यासाठी दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये बर्लिनच्या संसदभवनासमोर नाझी सलामी देत छायाचित्रे काढणाऱ्या दोन चिनी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि प्रत्येकी ५०० युरोंच्या जामिनावर सोडले. गंमत म्हणून केली, हा बचाव अशा वेळी उपयोगी पडत नाही.

स्वस्तिकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपल्या लग्नपत्रिकेवर, उंबरठ्यावर, वहीपूजनात असणारे हे मंगलचिन्ह जर्मन डोळ्यांना वेगळेच दिसते. कायद्याचा रोख नाझी चिन्हावर आहे, धार्मिक वापरावर नाही. २००७ मध्ये युरोपीय संघाचे अध्यक्षपद जर्मनीकडे असताना या चिन्हावर संघभर बंदी घालण्याची कल्पना पुढे आली होती. ब्रिटनमधील हिंदू संघटनांनी तिला विरोध केला आणि अखेर ती मागे पडली. तरीही भाड्याच्या घराच्या दारावर स्वस्तिक काढण्यापूर्वी शेजाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगणे शहाणपणाचे ठरते. या निमित्ताने होणारा संवाद दोघांनाही काही शिकवून जातो.

जर्मन माणूस या विषयावर बोलत नाही, असा मात्र समज करून घेऊ नये. जर्मन शहरांच्या पदपथांवर दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पितळी पट्ट्या बसवलेल्या दिसतात. नाझींनी छळलेली, मारलेली माणसे जेथे राहत होती, त्या घरासमोर त्यांची नावे कोरलेली असतात. कलावंत गुंटर डेमनिग यांनी १९९०च्या दशकात सुरू केलेल्या या स्मारकांची युरोपभरची संख्या २०२३ मध्ये एक लाखावर गेली. अशा पट्टीपाशी थांबून 'येथे कोण राहत होते?' एवढे विचारले, तर पुष्कळदा संपूर्ण गल्लीचा इतिहास ऐकायला मिळतो. तेथून आजच्या राजकारणाकडे वळणेही सोपे जाते. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत 'एएफडी' या कडव्या उजव्या पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली आणि पूर्वेकडील पाचही राज्यांत तो पहिल्या क्रमांकावर राहिला. भिंत १९८९ मध्ये पडूनही मतदानाच्या नकाशावर जुनी सीमा का उमटते, हा प्रश्न जर्मन माणसे स्वतःलाही विचारत असतात.

पोलंड : कोल्हापूरची ओळख, रशियाचा पेच

पोलंडमध्ये मराठी माणसाला बोलण्याची वाट आधीच तयार मिळते. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ या काळात तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दुकाने होती. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, तो याच सुमारास. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचे स्मारकही आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये या स्मारकाला भेट दिली होती.

या ओळखीच्या पोटात एक अवघड राजकीय धडा दडलेला आहे. वळिवड्याला आलेले पोलिश लोक हिटलरच्या तावडीतून सुटून आले, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्यांतील बहुतेकांना सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले होते. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. कातिन व इतर ठिकाणी १९४० मध्ये सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व नागरिकांना ठार मारण्यात आले. ही कबुली मॉस्कोने दिली ती १९९० मध्ये. हद्दपारीतून सुटलेली कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली, त्यांतीलच काही पंचगंगेच्या परिसरात विसावली.

भारतीय मनातला रशिया वेगळा आहे. भिलाईचा पोलाद कारखाना, १९७१चा मैत्री करार, बांगलादेश युद्धातील पाठिंबा यांमुळे आपल्या दोन पिढ्यांनी त्या देशाकडे मित्र म्हणून पाहिले. म्हणूनच युक्रेनवरील हल्ल्याचा निषेध करणारा ठराव २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. वॉर्सामधील यजमान याबद्दल हमखास विचारतो. त्याच्यासाठी हा परराष्ट्र धोरणाचा तात्त्विक मुद्दा नसतो. त्याच्या आजीच्या हद्दपारीची गोष्ट त्यात मिसळलेली असते.

अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे देशाचे वकीलपत्र घेऊन भांडणे; दुसरी म्हणजे अवघडून समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणे. भारताने अशी भूमिका का घेतली असावी हे सांगणे, ती आपली स्वतःची भूमिका आहे की नाही हे स्पष्ट करणे आणि मग समोरच्याची कहाणी ऐकून घेणे, हा मार्ग दोघांचाही मान राखतो. वळिवड्याचा उल्लेख केवळ उपकारांची आठवण म्हणून न करता, ती माणसे तेथवर का आली हे जाणून केला, तर त्याला वेगळे वजन येते.

फ्रान्स आणि ब्रिटन : वादाच्या दोन रीती

इतिहासाइतकीच बोलण्याची रीतही देशागणिक बदलते. फ्रान्समध्ये जेवणाच्या टेबलावर चढलेला आवाज म्हणजे भांडण नव्हे. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली आणि त्यावरून सारा फ्रान्स दुभंगला. त्या काळातील, १८९८ मधील एक व्यंगचित्र आजही तेथे परिचित आहे. पहिल्या चित्रात कुटुंबप्रमुख हा विषय काढू नका असे बजावतो; दुसऱ्यात ताटे-खुर्च्या उलथलेल्या असून मंडळी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली आहेत. विषय निघाला, हे सांगायला आणखी काही लागत नाही.

येथे भारतीय प्रवाशाची गफलत होते ती एका शब्दामुळे. आपण 'धर्मनिरपेक्षता' म्हणतो तेव्हा सर्वधर्मसमभाव अभिप्रेत असतो. फ्रेंचांचा 'लाइसिते' हा शब्द १९०५च्या कायद्यातून घडला; शासनव्यवहारातून धर्माला बाहेर ठेवणे हा त्याचा गाभा. २००४च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे वापरण्यास मनाई झाली, तेव्हा हिजाबबरोबर शीख विद्यार्थ्यांची पगडीही तीत आली. दोन्ही देश स्वतःला एकाच नावाने ओळखतात आणि अर्थ मात्र वेगळे, हे आधी मांडले तर वाद रंगतो, चिघळत नाही.

ब्रिटनमध्ये याउलट. धोरणावर, मंत्र्यांवर, रेल्वेच्या विलंबावर कोणीही बोलेल. पण 'तुम्ही मत कोणाला दिले?' हा आपल्याकडे सहज विचारला जाणारा प्रश्न तेथे पगार विचारण्याइतका खासगी मानला जातो. युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयीच्या २३ जून २०१६च्या सार्वमतात ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा निकाल लागला आणि अनेक घरांत बाप एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला अशी स्थिती झाली. उत्तर आयर्लंडमध्ये तर शहराचे नाव घेतानाही सावध राहावे लागते. 'डेरी' म्हटले की आयरिश राष्ट्रवादी कल आणि 'लंडनडेरी' म्हटले की ब्रिटनशी निष्ठा, असा अर्थ लावला जातो. साडेतीन हजारांहून अधिक बळी घेणारा तेथील संघर्ष १९९८च्या करारानंतर ओसरला. शब्दांची धार कायम आहे.

पोर्तुगाल : एकाच तुरुंगातले दोन कैदी

लिस्बनमध्ये प्रश्नकर्ता आणि उत्तर देणारा यांच्या जागा बदलतात. १९ डिसेंबर १९६१ हा आपल्या दृष्टीने गोवामुक्तीचा दिवस. पोर्तुगालमधील जुन्या पिढीने तो 'आक्रमण' म्हणून ऐकलेला असतो. मात्र सालाझारच्या राजवटीने गोमंतकीयांप्रमाणे पोर्तुगीजांचीही गळचेपी केली होती. समुद्राकाठच्या पेनिश किल्ल्यातील तुरुंगात गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना डांबण्यात आले होते. त्याच किल्ल्यातून पोर्तुगीज कम्युनिस्ट नेते आल्वारो कुन्याल १९६०च्या जानेवारीत निसटले. आता तेथे हुकूमशाहीविरोधी लढ्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. २५ एप्रिल १९७४च्या क्रांतीने ती राजवट संपली आणि त्याच वर्षअखेरीस नव्या पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढे २०१५ ते २०२४ या काळात गोमंतकीय वंशाचे आंतोनियो कॉस्ता त्या देशाचे पंतप्रधान होते. हा धागा हाती घेतला, तर गोव्याचा विषय 'तुम्ही विरुद्ध आम्ही' असा राहत नाही.

ऐकण्याच्या जागा, उत्तराची तयारी

ज्यांना घरगुती ओळखी नाहीत, त्यांच्यासाठीही राजकारण ऐकण्याच्या खुल्या जागा आहेत. लंडनच्या हाइड पार्कमधील वक्त्यांच्या कोपऱ्यात रविवारी कोणीही उभे राहून बोलू शकतो. स्वीडनमध्ये निवडणुकीच्या हंगामात पक्षांच्या लहान लाकडी खोपट्या चौकात उभ्या राहतात; तेथे कार्यकर्ते येणाऱ्या-जाणाऱ्यांशी चर्चा करतात. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात मे महिन्यात नागरिक मैदानात जमून हात वर करून कायदे मंजूर करतात आणि पाहुण्यांना ते पाहता येते. बर्लिनच्या संसदभवनाचा काचेचा घुमट आगाऊ नोंदणी केल्यास विनामूल्य पाहता येतो.

या साऱ्या ठिकाणी उलट प्रश्न येणार, हे गृहीत धरावे. जातिव्यवस्था, स्त्रियांची सुरक्षितता, काश्मीर, अल्पसंख्याक यांविषयी विचारणारा प्रत्येक जण भारतद्वेष्टा नसतो. जर्मनाला हिटलरविषयी विचारणारा प्रत्येक भारतीय जसा जर्मनद्वेष्टा नसतो, तसेच हे. एकशे चाळीस कोटींच्या वतीने उत्तर देण्याचे ओझे प्रवाशाने घेण्याचे कारण नाही. 'माझ्या गावात, माझ्या घरात मी असे पाहिले आहे' हे वाक्य आकडेवारीच्या फेकाफेकीपेक्षा अधिक ऐकले जाते. तेथील माणूसही मग पक्षाचे मत बाजूला ठेवून आजी-आजोबांच्या गोष्टी सांगू लागतो आणि ज्या राजकारणाची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींत वाचलेली असते, त्यामागची माणसे दिसू लागतात.