मोलाचा कैवारी : वचन, बिदागी आणि अद्भुत

जयपूरच्या ज्या जुन्या हवेल्यांची आता हॉटेले झाली आहेत, त्यांच्या अंगणात सायंकाळी रावणहत्था वाजविणारा भोपा पुष्कळदा दृष्टीस पडतो. पाहुण्यांच्या दृष्टीने तो एक लोककलावंत असतो. परंतु ज्या परंपरेतून तो आला, तिच्यात त्याला पाचारण करण्याचे कारण मनोरंजन हे नव्हते. मारवाडातल्या पशुपालकाचा उंट आजारी पडला, की पाबूजीला नवस बोलला जाई. भोपा बोलावला जाई, त्याला बिदागी मिळे, आणि रात्रभर पाबूजीची ‘पड’ वाचली जाई. पड म्हणजे चित्रित पट. भोपा गातो, भोपी दिवा धरून एकेक प्रसंग उजळते. (‘भोपे’ हा शब्द तुळजापूरच्या पुजाऱ्यांमुळे मराठी वाचकाला परका नाही, आणि पट दाखवून कथा सांगण्याची रीत त्याला पिंगुळीच्या चित्रकथींवरून ठाऊक आहे.) काम अडले आहे, नेहमीचे उपाय थकले आहेत, म्हणून मोल देऊन असा माणूस आणावयाचा की ज्याचा अलौकिकाशी संबंध आहे, असे या व्यवहाराचे स्वरूप होते.

हेच स्वरूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका इंग्रजी कथामालिकेने अगदी निराळ्या परिसरात उभे केले. न्यू जर्सीतील वैद्यक व्यवसायी एफ. पॉल विल्सन यांची ‘द टूम’ ही कादंबरी १९८४ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातून ‘रिपेअरमन जॅक’ हा नायक वाचकांपुढे आला. जॅक न्यू यॉर्कमध्ये राहतो, पण सरकारदप्तरी तो अस्तित्वातच नाही. कर नाही, ओळखपत्र नाही, खाते नाही. पोलिसांकडे जाता येत नाही अशी ज्यांची अडचण आहे ती माणसे त्याच्याकडे येतात, रोख रक्कम मोजतात आणि तो त्यांची ‘दुरुस्ती’ करून देतो. कायद्याबाहेर राहून न्याय करणारा आणि त्याचे दाम घेणारा असा हा कैवारी आहे. पहिल्या कादंबरीनंतर लेखकाने त्याला बराच काळ बाजूला ठेवले होते. १९९८ च्या ‘लेगसीज’पासून मात्र मालिका नियमित झाली आणि पुढील दीड दशकात तिने मोठा विस्तार पावला.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला या मालिकेत स्वारस्य वाटावे असे एक खास कारण आहे. तिच्यातील पहिले अद्भुत भारतातून आयात केलेले आहे. १८५७ च्या धामधुमीत वेस्टफेलन नावाचा एक इंग्रज कप्तान बंगालमधील एका कल्पित गावाजवळचे कालीचे मंदिर लुटतो. त्या लुटीचा सूड त्याच्या वंशजांवर उगविण्यासाठी कुसुम नावाचा एक भारतीय मुत्सद्दी ‘राकोशी’ नावाचे राक्षस जहाजातून न्यू यॉर्कला आणतो. लेखकाने या धिप्पाड, सूडाने पेटलेल्या पुरुषाला ‘कुसुम’ हे नाव का द्यावे हे मराठी वाचकाला कळणे कठीण आहे. भीती वाटावयाच्या जागी त्याला हसू येण्याचाच संभव अधिक. ते असो. हा साचा विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’पासून, म्हणजे १८६८ पासून, इंग्रजी कादंबरीत रूढ आहे. तेथे श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या पाडावात लुटलेला हिरा इंग्लंडमधील एका घराण्यामागे लागतो. विल्सन यांची भर अशी, की लुटणाऱ्याचे वंशज आणि लुटले गेलेल्यांचा प्रतिनिधी यांच्यामध्ये त्यांनी एक मोलाचा माणूस उभा केला. शिवाय त्या माणसाला प्रथम कामावर नेमतो तो कुसुमच. त्याच्या आजीचा चोरीस गेलेला हार परत आणून देण्याची कामगिरी जॅक पैसे घेऊन पार पाडतो, आणि मग त्याच गिऱ्हाइकाच्या विरुद्ध त्याला उभे राहावे लागते. कारण वेस्टफेलन घराण्याचा अखेरचा अंकुर म्हणजे त्याच्या प्रेयसीची चिमुरडी मुलगी असते. या दुसऱ्या कामाचा दर ठरलेला नाही, ठरूही शकत नाही. १८५७ च्या लुटीचा हिशेब मात्र कादंबरी तसाच सोडून देते. मूल निरपराध आहे, एवढ्या एका सत्याच्या आड मंदिराच्या मालमत्तेचा प्रश्न दिसेनासा होतो, आणि वाचकाच्या तो लक्षातही येत नाही. लोकप्रिय कादंबरीचे राजकारण असे पुष्कळदा तिच्या कारुण्यातून काम करते.

मालिका पुढे सरकते तसा आणखी एक बदल होतो. आपल्यावर येणारी कामे योगायोगाने येत नाहीत, दोन विश्वव्यापी शक्तींच्या झगड्यात आपल्याला न विचारता सैनिक म्हणून भरती केले गेले आहे, हे जॅकला हळूहळू कळते. स्वतःच्या मर्जीने काम घेणारा आणि मोल घेऊन मोकळा होणारा माणूस अखेरीस बिनपगारी सेवक ठरतो. पैशाने व्यवहार मिटतो, हा जॅकच्या स्वातंत्र्याचा पाया होता. अद्भुत येते ते हा पाया काढून घेण्यासाठी.

आता पुन्हा पाबूजीकडे वळता येईल. कोळू गावच्या या राठोड वीराच्या कथेत व्यवहार आरंभीच होतो. देवल चारणीजवळ केसर काळमी नावाची घोडी आहे. जिंदराव खीची ती मागतो, त्याला ती मिळत नाही. पाबूजी मागतो, त्याला मिळते. पण घोडीची किंमत म्हणून देवल पैसा घेत नाही, आपल्या गायींचे रक्षण करण्याचे वचन घेते. मौखिक कथेत ही घोडी म्हणजे पाबूजीची अप्सरा आईच पुन्हा अवतरलेली असते आणि देवल ही शक्तीचे रूप असते. म्हणजे मोबदला अलौकिक, मोबदला देणारी अलौकिक, आणि घेणाराही निव्वळ माणूस नव्हे. पाबूजी उमरकोटला लग्नाच्या फेऱ्यांत असताना जिंदराव गायी पळवितो आणि देवल वचनाची आठवण करून देते. फेरे अर्धवट टाकून पाबूजी निघतो. हे धनको आपले देणे मागावयास आल्याचे दृश्य आहे, आणि मागण्याची वेळ देवलने किती निर्दयपणे साधली आहे हे पड ऐकणाऱ्यांना पुरते ठाऊक असते. जॉन डी. स्मिथ यांनी १९९१ साली केंब्रिजहून या कथागीताचे मोठे संपादन प्रसिद्ध केल्यापासून तुलनात्मक अभ्यासाला ही सामग्री सहज उपलब्ध झाली आहे. तरी कैवार आणि मोबदला या अंगाने तिच्याकडे फारसे पाहिले जात नाही.

जॅकला अखेरीस जे कळते ते पाबूजीला पहिल्यापासून ठाऊक आहे. घोडीवर मांड टाकली त्याच क्षणी तो बांधला गेला.

मराठीत या नायकाची जागा कोठे आहे? कायद्याला वळसा घालून न्याय करणारा साहसी नायक मराठीत उणा नाही. बाबूराव अर्नाळकर (चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर फिरत्या वाचनालयांतून त्यांचा फडशा पाडणारा एक प्रचंड वाचकवर्ग निर्माण केला. त्यांचा धनंजय हा गुप्तहेर. पण झुंजार आणि काळापहाड हे दोघे पोलिसांच्या परवान्यावाचून दुर्जनांचे पारिपत्य करणारे. विजया आणि नेताजी यांच्या साथीने वावरणारा झुंजार हा लेस्ली चार्टरिसच्या ‘सेंट’च्या कुळातला आहे हे कोणाही वाचकास जाणवेल. काळापहाड या नावाची गंमत अधिक आहे. ओडिशा आणि बंगालच्या परंपरेत काळापहाड म्हणजे सुलेमान कररानीचा देवळे फोडणारा सेनापती, आणि पुरीवरील १५६८ च्या स्वारीशी ते नाव कायमचे जोडले गेले आहे. मराठी रहस्यकथेत तेच नाव एका कैवाऱ्याला शोभून दिसले. ओडिया वाचकाला ते कसे वाटले असते हा प्रश्न मराठी समीक्षेने कधी विचारला नाही.

हे नायक पीडितांकडून दाम घेत नाहीत. झुंजारचा खर्च भागतो तो खलनायकाच्या तिजोरीतून. बळीच्या हातून रोख रक्कम घेणे मराठी वाचकाला रुचले नसते, परंतु बदमाशाला लुबाडणे त्याला आवडत होते. या बाबतीत झुंजारचे नाते न्यू यॉर्कपेक्षा शेखावाटीशी जवळचे आहे. तत्कालीन जयपूर संस्थानातील सीकरकडचे डूंगजी आणि जवाहरजी यांनी नसीराबाद छावणीचा खजिना १८४७ साली लुटला, आणि त्याआधी डूंगजीची आग्र्याच्या तुरुंगातून सुटका करणाऱ्या साथीदारांत लोटिया जाट आणि करणिया मीणा होते. त्यांच्यावरची गीते भोप्यांनी गायिली. पाबूजीच्या कथेतील अलौकिक मात्र तेथे मागे पडते. झुंजारच्या जगातही ते नाही. रहस्यकथेच्या संकेतानुसार भुताटकी हा माणसाने रचलेला देखावा असतो. शेवटच्या प्रकरणात त्याची दोरी सापडते.

मराठीतील खरे अद्भुत दुसऱ्या कपाटात आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि ‘समर्थ’ हा मालिकानायक निर्माण केला. अमानवी संकटात सापडलेली माणसे समर्थांकडे येतात. अप्पा जोशी हे त्यांचे सहकारी. येथे ‘दुरुस्ती’ आहे, मालिका आहे, अडलेल्यांची रीघ आहे. आणि तरीही समर्थांना जॅकचा भाऊ म्हणता येत नाही. ‘समर्थ’ या नावातच रामदासांपासून अक्कलकोटच्या स्वामींपर्यंतचा सारा अधिकार गोळा झाला आहे. अशा नावाच्या माणसाने कामाचा दर सांगितला आहे हे दृश्य मराठी कल्पनाशक्तीला डोळ्यांपुढे आणता येत नाही. धारपांनी इंग्रजी भयसाहित्यातून मोकळ्या हाताने घेतले, स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चे त्यांच्या हातून ‘लुचाई’ झाले. परंतु मोल घेणारा कैवारी त्यांनी घेतला नाही.

म्हणजे मराठीत कायद्याबाहेरचा कैवारी आहे, अलौकिकाशी झुंजणारा आहे. पण दोघे एका देहात, आणि तेही दाम घेऊन, असे कधी भेटले नाहीत. याचे कारण लेखकांच्या प्रतिभेत शोधण्यात अर्थ नाही. अलौकिक अडचण पैसे घेऊन सोडविणारा माणूस मराठी समाजाला चांगला परिचित आहे. तो मांत्रिक, देवऋषी, भगत. आणि मराठी गद्य, निदान छापील गद्य, त्याच्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहत आले. संतांनी नवसासायासांवर कोरडे ओढले, गाडगेमहाराजांनी कीर्तनातून तेच काम पुढे नेले, सुधारकांनी निबंधांतून. ही परंपरा पुस्तकी राहिली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. अशा भाषेत अद्भुताला हात घालणाऱ्याने हात पुढे केला, की वाचकाच्या मनात त्याची जागा ठरून जाते. तो खलनायक होतो किंवा भोंदू. समर्थांना निरिच्छ राहणे भाग होते. झुंजारला भुतांपासून दूर राहणे भाग होते.

राजस्थानात अशी फाळणी झाली नाही, असे सरसकट मात्र म्हणता येणार नाही. ‘भोपा’ हा शब्द तेथे देवाचे वारे अंगात घेऊन निदान सांगणाऱ्यालाही लावतात. एखाद्या बाईला डाकण ठरविण्याच्या प्रकरणांत अशा भोप्याचा कौल पुष्कळदा कारणीभूत होत आला, आणि त्या प्रथेविरुद्ध राजस्थानला २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. एकाच नावाची दोन माणसे आहेत : एक बिदागी घेऊन देवाची कथा गातो, दुसरा बिदागी घेऊन शेजारणीकडे बोट दाखवितो. पाबूजीच्या कथेतील देवल आणि गावाने डाकण ठरविलेली बाई यांच्यात अंतर किती थोडे आहे, हे भोप्याच्या श्रोत्यांइतके कोणालाच माहीत नसावे. तेव्हा मराठी संशयाला निव्वळ शहरी पांढरपेशेपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याची वाङ्मयीन किंमत पडली हेही खरे. जॅकच्या मालिकेत, पाबूजीच्या पडीत, जो ताण मोबदल्याच्या प्रश्नातून निर्माण होतो, तो झुंजारच्या कथांत नाही आणि समर्थांच्या कथांतही नाही; कारण दोघांनाही काही देणे उरलेले नसते.

हा ताण मराठी सामग्रीतून प्रकट झाला तो बऱ्याच उशिरा, आणि हिंदी चित्रपटात. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण देते; त्यातील साखळदंडाने बांधलेली भयंकर म्हातारी मात्र धारपांच्या ‘आजी’ या कथेशी नाते सांगते, आणि त्या कथेमागे पुन्हा किंग आहे. विनायक हस्तरच्या गुहेत दोर टाकून उतरतो, कणकेची बाहुली पुढे करून त्याला गुंतवतो आणि त्याच्या लंगोटातून सोन्याची नाणी काढून घेतो. तो कोणाचा कैवार घेत नाही, त्याच्याकडे कोणी गिऱ्हाईक येत नाही. पण अद्भुताशी रोखीचा व्यवहार करणारा, त्याचे तंत्र शिकलेला, ते पुढे मुलाला शिकविणारा असा हा मराठी घरातला पहिला कसबी माणूस आहे. पुण्याहून तुंबाडला तो पुनःपुन्हा जातो, आणि दर खेपेस मोजकीच नाणी घेऊन परततो.