मॅमथची हरवलेली दाढ

एखाद्या प्राण्याच्या जातीला शास्त्रीय नाव ठेवायचं असेल, तर ते कागदावर लिहून भागत नाही, बरं का! ते एका खऱ्याखुऱ्या वस्तूला बांधावं लागतं. एखादी कवटी, एखादं कातडं, कधी नुसता दात. त्या वस्तूला टाइप नमुना म्हणतात, म्हणजे त्या जातीचा मूळ नमुना. शंभर वर्षांनी कुणी भांडायला उठलं की हा प्राणी त्या जातीचा नाहीच मुळी, तर त्याला संग्रहालयात न्यायचं, कपाट उघडायचं आणि सांगायचं, घ्या, ताडून बघा!

हा नमुना देखणा किंवा धडधाकट असायलाच हवा असं मुळीच नाही. मोडकी दाढसुद्धा चालते. आणि एकदा ती नेमली, की मागाहून अख्खा सांगाडा सापडला तरी मान त्या दाढेचाच. मला हा नियम फार आवडतो.

पण ही मानाची वस्तूच हरवली तर? लोकरी मॅमथच्या बाबतीत तेच झालं.

हिमयुगातला हा केसाळ हत्ती. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात योहान फ्रीडरिश ब्लुमेनबाख नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १७९९ साली त्याला नाव दिलं, ‘एलिफस प्रिमिजिनियस’. (त्याच वर्षी सायबेरियात, लेना नदीच्या मुखाजवळ, एका शिकाऱ्याला गोठलेला मॅमथ दिसला होता. पण तिथे शास्त्रज्ञ पोचले ते १८०६ साली.) आज आपण या जातीला ‘मॅम्युथस प्रिमिजिनियस’ म्हणतो. नाव ठेवलं खरं, पण टाइप नमुन्याचा नियम ब्लुमेनबाख यांच्या काळी नव्हताच. त्यामुळे नेमका कुठला तुकडा मूळ धरायचा, हे त्यांनी ठरवून ठेवलंच नाही.

हे काम पुढे केलं अमेरिकेतल्या हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्न यांनी. हत्ती आणि त्यांचे सगळे नातेवाईक यांच्यावर त्यांनी भलेथोरले ग्रंथ लिहिले. त्यातला दुसरा खंड १९४२ साली छापून आला तेव्हा ऑस्बॉर्न हयातही नव्हते. त्यांनी ब्लुमेनबाख यांच्या संग्रहातल्या दोन दाढा निवडल्या. एक सायबेरियाची, दुसरी ग्योटिंगेनपासून फार लांब नसलेल्या ऑस्टेरोड गावची. पुढे व्हेरा ग्रोमोव्हा या रशियन संशोधक बाईंनी सुचवलं की दोघींना सारखा मान नको. सायबेरियावाली मुख्य, ऑस्टेरोडवाली तिच्या जोडीची.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा प्राणी आणि त्याची ओळख काय, तर दाढ? अहो, पण मॅमथची दाढ म्हणजे साधीसुधी चीज नाही! शेवटची दाढ सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ दोन किलो वजनाची असायची. वरून बघितली तर नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यासारखी खरबरीत. दाढेवर आडव्या कंगोऱ्यांच्या ओळीच ओळी असतात आणि लोकरी मॅमथमध्ये त्या २६ पर्यंत जातात. त्याच्या आधीच्या काळातल्या मॅमथना कंगोरे कमी होते. म्हणून ते मोजले की जात ओळखायला चांगली मदत होते. कंगोरे इतके का? तर गवत. दिवसभर गवत चघळायचं म्हणजे दात झिजणारच. मॅमथला आजच्या हत्तीसारखेच जन्मभरात दाढांचे सहा संच यायचे. पुढची दाढ झिजली की मागची सरकत पुढे यायची. पहिला संच तर एवढासा, जवळपास आपल्या दाढेएवढा.

शिवाय दाढ टणक असते, ती हाडांपेक्षा जास्त टिकते. म्हणून जीवाश्म शोधणाऱ्यांना दाढा बऱ्याच मिळतात. अमेरिकेतल्या कोलंबियन मॅमथला शास्त्रीय नाव दिलं गेलं तेही दाढेच्याच आधारावर. ते १८५७ साली ठेवणारे ह्यू फाल्कनर पूर्वी आपल्याकडे सहारनपूरच्या बागेचे प्रमुख होते आणि शिवालिकच्या टेकड्यांमधून प्राचीन हत्तींची हाडं गोळा करायचे!

तर आपल्या त्या दोन दाढा. १९८०च्या दशकापर्यंत सगळे धरूनच चालले होते की त्या हरवल्या. आता नाव बांधायचं कशाला? मग १९९० मध्ये बदली नमुना सुचवण्यात आला. सायबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पावर १९४८ साली मॅमथचा एक चांगला सांगाडा मिळाला होता, तोच. दोन दाढांच्या जागी एवढा मोठा सांगाडा! वाईट सौदा म्हणता येणार नाही.

आणि मग ग्योटिंगेनच्याच संग्रहात एक दाढ सापडली.

पण ही तीच, हे ओळखायचं कसं? इथे ऑस्बॉर्न यांचं पुस्तक कामाला आलं. त्यात दाढेचं चित्र होतं. खरं तर ते दाढेचंही नव्हतं. मूळ दाढेवरून साचा घेऊन एक प्रतिकृती केलेली होती, तिचं ते चित्र. म्हणजे नकलेची नक्कल! तरीही तेवढं पुरलं. दोन दाढा कधी हुबेहूब सारख्या नसतात. कुठे कंगोरा जास्त झिजलेला, कुठे कडेचा टवका उडालेला. संशोधकांनी चित्र आणि दाढ ताडून पाहिली आणि दोन्हींचं जुळलं.

सापडली ती ऑस्टेरोडची, जोडीतली धाकटी. आता तिला पक्का क्रमांक आहे: जीझेडजी.व्ही.०१०.०१८. कधी ग्योटिंगेनला गेलात, तर तिथल्या माणसांना एवढंच सांगा. कुठलं कपाट उघडायचं ते त्यांना लगेच कळेल.