पाया खणण्याआधी घरात फिरून या

जिवतीच्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराचा दरवाजा थेट बैठकीत उघडतो. अब्बांनी घर बांधायला काढले तेव्हा मिस्त्रीने जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या, अब्बांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पाया खणला गेला. अम्मीला कोणी विचारले नाही. तेव्हापासून बैठकीत पाहुणे असले की न्हाणीकडे जायलासुद्धा अम्मीला ते उठण्याची वाट पाहावी लागते. दरवाजा दुसऱ्या भिंतीत ठेवला असता तर हा त्रास झालाच नसता. भिंत फोडून तो बदलण्याचा विषय दर ईदला निघतो आणि खर्च ऐकून मागे पडतो.

म्हणून धाकट्या भावाच्या घराची तयारी सुरू झाली तेव्हा आम्ही ते आधी लॅपटॉपवर बांधून पाहिले. पडद्यावर भिंत हलवायला एक पैसा लागत नाही. आपल्यापैकी कोणी घर बांधणार असेल तर पुढच्या गोष्टी उपयोगी पडतील.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

आम्ही ‘स्वीट होम थ्रीडी’ वापरले. २००६ पासून ते मोफत उपलब्ध आहे. डोंगरावर नेटवर्कचा भरवसा नसतो, त्यामुळे एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालणारे सॉफ्टवेअर बरे. गडचांदूर किंवा चंद्रपूरला गेल्यावर कोणाकडून ते लॅपटॉपमध्ये घालून घ्यावे. ‘स्केचअप’चेही मोफत रूप आहे, पण ते ब्राउझरमध्ये चालते आणि त्याला सतत इंटरनेट लागते. कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी भिंत काढणे, दार-खिडकी बसवणे, सामान ठेवणे आणि मापे लिहिणे या चार गोष्टी दोन-तीन संध्याकाळींत शिकून घेते.

आधी टेप, मग माउस

सुरुवात लॅपटॉपपासून करू नका. प्लॉटच्या चारही बाजू टेपने मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही कर्ण वेगळे आले, तर प्लॉट तिरका आहे. कागदावरचा चौकोन पाहून पडद्यावर काटकोनात घर काढले की पाया आखताना एक कोपरा शेजाऱ्याच्या जागेत जातो.

जागेचा कागदही याच वेळी पाहून घ्या. जिवती तालुक्यात वनजमिनीचा प्रश्न जुना आहे. जागा कोणाच्या नावावर आहे आणि तिची नोंद काय आहे, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही. ते तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीतच कळते.

भिंत किती जागा खाते?

इथे आमची पहिली चूक झाली. या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीची जाडी आधीच साडेसात सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन इंच धरलेली असते. आपल्याकडे बाहेरची भिंत नऊ इंचांची, म्हणजे २३ सेंटिमीटरची असते. ही जाडी बदलली नाही तर पडद्यावरची खोली मोठी दिसते आणि प्रत्यक्षात पलंग मावत नाही. शिवाय भिंतीची रेघ तिच्या मध्यावरून धरली जाते, हेही ध्यानात ठेवा. मापे फूट-इंचांत करून घ्या, कारण मिस्त्री त्याच मापात काम करतो.

एक हिशेब पाहा. बाहेरून २० बाय १४ फुटांचे घर म्हणजे २८० चौरस फूट. चारही बाजूंनी नऊ इंचांची भिंत धरली की आतून साडेअठरा बाय साडेबारा फूट उरतात, म्हणजे सुमारे २३१ चौरस फूट. बाकीचे ४९ चौरस फूट भिंतींनी घेतले. सात बाय सातचे एक स्वयंपाकघर त्यात बसले असते.

घरकुलाच्या घरात हा फरक आणखी बोचतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे लागते आणि स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली असते. या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगरी आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये ठरलेले आहेत. सिमेंटचे कारखाने आपल्या डोंगराच्या पायथ्याशी असले, तरी रेती, गिट्टी आणि सळई घाट चढवून आणावी लागते. एवढ्या पैशात एक भिंत दोनदा बांधणे कोणाला परवडेल?

सामान आपल्या घरातले ठेवा

सॉफ्टवेअरमधले सोफे आणि पलंग परदेशी घरांच्या मापाचे असतात. आपले कपाट, दिवाण, शिलाई मशीन आणि धान्याची कोठी मोजा आणि तीच मापे भरा. कपाटाचे दार उघडल्यावर माणूस उभा राहतो का, ते पाहा. रमजानमध्ये इफ्तारला किती जण बसतात, तेवढा दस्तरखान बैठकीत अंथरून पाहा. एका मुसल्ल्याला साधारण सव्वादोन बाय पावणेचार फूट जागा लागते. तेवढे चौकोन मांडले की घरात किती जणांची जमात उभी राहू शकते, ते कळते. वजूसाठी बसायची जागा आणि तिच्या पाण्याचा उतारही आताच ठरवा. घरात म्हातारे माणूस असेल तर मुख्य दरवाजा तीन फुटांपेक्षा अरुंद ठेवू नका.

किब्ला आणि ऊन

नकाशाच्या कोपऱ्यात होकायंत्राचे चिन्ह असते. ते फिरवून उत्तर दिशा आपल्या प्लॉटप्रमाणे करा. जिवतीहून किब्ला नेमका पश्चिमेला नाही, तो पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. संडासचे भांडे उत्तर-दक्षिण बसवले की किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ होत नाही. मोबाइलचे होकायंत्र सळईच्या ढिगाजवळ चुकते. खात्रीचा उपाय हवा असेल तर २७ किंवा २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी जमिनीत सरळ काठी रोवा. त्या क्षणी सूर्य काबागृहाच्या डोक्यावर असतो. सावलीच्या टोकापासून काठीकडे तोंड केले की समोर किब्ला.

आता उन्हाकडे या. आपल्या जिल्ह्याचा मे महिना नव्याने सांगायला नको. फोटो तयार करण्याच्या चौकटीत गुणवत्ता वाढवली की तारीख आणि वेळ भरता येते. २० मेची दुपारी चारची वेळ भरा आणि कोणत्या खिडकीतून ऊन आत येते, ते पाहा. झोपायची खोली पश्चिमेला येत असेल तर तिथे न्हाणी किंवा सामानाची खोली घेऊन पाहा. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा.

जे सॉफ्टवेअर करत नाही

स्लॅबला किती सळई लागेल, कॉलम किती जाड हवा, काळ्या मातीत पाया किती खोल न्यावा, हे यातून कळत नाही. ते इंजिनिअरला आणि अनुभवी मिस्त्रीलाच विचारा. नकाशा मापांसह छापून एक प्रत मिस्त्रीला द्या आणि एक घरात ठेवा. प्रत्येक दार कोणत्या बाजूला उघडणार, हे त्यावर दाखवा.

आणि सर्वांत आधी, घरात जास्त वेळ वावरणाऱ्यांना पडद्यासमोर बसवा. या सॉफ्टवेअरमध्ये माणसाच्या नजरेने खोल्यांतून फिरता येते. आम्ही अम्मीला तसे फिरवले. माउस तिच्या हातात नव्हता, पण “थांब, इथून चुलीजवळचे सगळे दिसते,” असे तिनेच सांगितले. भावाने दरवाजा उचलून मागच्या अंगणाच्या बाजूला ठेवला. अर्ध्या मिनिटाचे काम होते. मग वहिनीने खिडकी सरकवायला सांगितली, ती सरकवली.

पाया अजून खणायचा आहे. नकाशाची प्रत मात्र अम्मीने कुंकवाच्या रंगाच्या जुन्या फाइलमध्ये, घराच्या कागदांसोबत ठेवली आहे.