पिन कोणाच्या मालकीची?



एका कारखान्यात घडलेला बोल्ट दुसऱ्या कारखान्यातल्या नटात बसतो, तो काही निसर्गनियमाने नव्हे. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांचे एकच माप सुचविले आणि कारखानदारांनी ते हळूहळू मानले, म्हणून बसतो. माप सर्वांचे झाले की दुरुस्ती सोपी होते आणि कारागीर कोणा एकाचा बांधील राहत नाही. मोबाईलच्या हेडफोनची गोष्टही याहून निराळी नाही.

हेडफोनची गोल पिन मूळची टेलिफोन एक्स्चेंजमधली, १९व्या शतकातली. पुढे ती बारीक होऊन ३.५ मिलिमीटरची झाली आणि १९७९च्या वॉकमनने ती घरोघर नेली. ती कोणीही बनवावी, कोणीही विकावी. कोणाचा परवाना लागत नाही.

२०१२ साली ॲपल कंपनीने आयफोनला लाइटनिंग नावाचे स्वतःच्या मालकीचे तोंड बसविले. २०१६ साली आयफोन ७ मधून गोल पिनेचे भोकच काढून टाकले. जागा वाचते, असे कंपनीचे म्हणणे होते. लाइटनिंगची पिन उलटसुलट कशीही बसे, ही सोयही खरी. परंतु ती अधिकृतपणे बनवायची तर कंपनीचा परवाना घेणे भाग होते. रस्ता चांगला असेल. प्रश्न जकातनाक्याचा आहे, आणि तेथली जकात शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातूनच जाते.

यावर उपाय कोणता? २००९ साली युरोपात मोठ्या कंपन्यांनी एकसारख्या चार्जरचे आश्वासन स्वखुशीने दिले होते. मालकाच्या स्वखुशीवर सोडलेल्या मागणीचे काय होते, हे कामगाराला सांगावे लागत नाही. २०१४ साली अनेक कंपन्यांनी मिळून यूएसबी-सी हे सामाईक माप ठरविले. तरीही युरोपीय संघाला २०२२ साली कायदा करावा लागला. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या नव्या फोनला तारेने चार्ज करण्यासाठी हेच तोंड बंधनकारक झाले. २०२३च्या आयफोन १५ मध्ये ते आलेच होते, आणि ते युरोपापुरते न राहता आपल्याकडच्या गिऱ्हाइकालाही मिळाले.

मात्र येथे एक मेख आहे. कायदा चार्जिंगपुरता आहे, आवाजापुरता नाही. काही फोन यूएसबी-सीच्या तोंडातून आवाजाचा तयार विद्युतप्रवाह देतात. काही केवळ आकडे पाठवितात, आणि त्यांचा आवाज करणारी चिप हेडफोनच्या वायरीत असावी लागते. म्हणून एकाचा जोडतुकडा दुसऱ्या फोनात घट्ट बसतो, पण मुका राहतो. खरेदी करताना हेडफोनमध्ये ही चिप, म्हणजे डीएसी, आहे काय हे विचारा, आणि आपल्याच फोनला लावून वाजवून घ्या.

तोंडाचा आकार एक झाला, ही अर्धी जीत आहे. आतले कलमही सर्वांना सारखे लागू झाले पाहिजे, ही मागणी अजून उभीच आहे.