इंजिन बदललं, पण पाण्याच्या वाटेचं काय?
मित्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलंय. सपाट रस्त्यावर गाडी ठीक, पण घाट लागला की काटा लालमध्ये! रेडिएटर नवा, पंपही नवा. मी बॉनेट उघडून आधी होजपाइप पाहिले.

नवं इंजिन उंच, रेडिएटर बुटका. त्यामुळे थर्मोस्टॅटकडून येणारा वरचा होज मध्येच कमानीसारखा चढून खाली उतरत होता. तिथे हवा अडकते, आणि पंपाला पाणी ढकलता येतं, हवा नाही. हा होज रेडिएटरकडे सतत चढताच हवा. जमत नसेल, तर सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू द्या आणि एक्स्पान्शन टाकी त्याहून वर बसवा.

खालच्या होजला पंपाची ओढ असते. रबर मऊ असेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो, म्हणून आत स्प्रिंग हवी.

हीटर नाही म्हणून बायपास बुजवू नका. काही इंजिनांत त्यातूनच गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत पोचतं.

आणि कृपा करून गरम इंजिनाची कॅप उघडू नका! दाबाखालचं पाणी १०० अंशांपुढेही उकळत नाही; दाब सुटताच वाफ अंगावर येते.

तुम्ही कुठलं इंजिन बसवलंय? होजचा फोटो टाका, बघून सांगतो.